घाटात डिझेल, खिशात पेट्रोल?

‘किती देते?’ रत्नागिरीत नवी गाडी दारात आली की पेढ्याआधी हा प्रश्न येतो. माझ्या मावसभावाला तर गाडी घ्यायच्या आधीच सगळ्यांनी विचारून घेतलं. बेत होता ह्युंदाई क्रेटाचा. जानेवारी 2024 मध्ये ती नव्या रूपात आली, तीन इंजिनं घेऊन: 1.5 लिटरचं साधं पेट्रोल (115 पीएस), टर्बो पेट्रोल (160 पीएस) आणि डिझेल (116 पीएस). टर्बो बजेटबाहेर. उरली दोन!

भाऊ मारुती मंदिरला राहतो. ऑफिस येऊन-जाऊन आठ किलोमीटर. शिवाय काकांच्या तपासणीसाठी महिन्यातून दोनदा कोल्हापूर, म्हणजे आंबा घाट आलाच. ‘घाट आहे ना? मग डिझेलच घे बॉस!’ शोरूमपासून चहाच्या टपरीपर्यंत एकमत.

मुद्दा खोटा नाही. चढावर लागतो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. डिझेलचा 250 न्यूटन-मीटर, तोही 1500 आरपीएमपासून. साध्या पेट्रोलचा 144, आणि तो पुरता मिळायला इंजिन 4500 आरपीएमपर्यंत न्यावं लागतं.

आता हिशोब. मॅन्युअल गिअरमध्ये कंपनीचा आकडा पेट्रोलला 17.4, डिझेलला 21.8. पेट्रोल 105 आणि डिझेल 92 रुपये लिटर धरू. किलोमीटरमागे खर्च सहा रुपये आणि सव्वाचार रुपये. डिझेल गाडी लाँचच्या वेळी साधारण दीड लाखाने महाग होती. तेवढे पैसे वसूल व्हायला सुमारे 83 हजार किलोमीटर! भावाचं रनिंग महिन्याला सातशेच्या आसपास. म्हणजे साडेनऊ वर्षं. कर्ज त्याच्या कितीतरी आधी फिटेल.

आणखी एक गोम आहे. बीएस-6 डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी थोडा वेळ सलग वेगात पळावी लागते. रोजच्या चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते जमत नाही.

आणि हो, हे मायलेजचे आकडे चाचणीतले, गाडी रोलरवर चालवून काढलेले. रोलरला ना खड्डे, ना साखरप्यानंतरचा चढ. दोन्ही आकडे घाटात खाली येणारच.

भावाने पेट्रोल बुक केली. घाटात गिअर एक खाली टाकावा लागेल, एवढंच. उरलेले दीड लाख काकांच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेत.

तुमचं महिन्याचं रनिंग अडीच हजार असेल, तर मात्र खुशाल डिझेल घ्या. तीन वर्षांच्या आत वसूल!