ड्युटीच्या आधीची चाल

पहाटे ५. नांदेडच्या उन्हाळ्यात सातनंतर झपाझप चालणं अंगावर येतं, म्हणून लवकर निघतो. हिवाळ्यात मात्र उजाडल्यावरच. कडक थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. गोवर्धन घाटाकडे जाताना पहिली सात-आठ मिनिटं सावकाश, मग अर्धा तास भरभर, शेवटी पुन्हा हळू. एकदम थांबलं तर घेरी येते. वेगाचं माप डॉक्टरांनी दिलं: सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. माझ्या ॲंजिओप्लास्टीनंतर, म्हणजे हृदयाच्या अरुंद नळीत स्टेंट बसवल्यावर, सुरुवात दहा मिनिटांनी झाली, तीही तपासून परवानगी मिळाल्यावर. खिशात सॉर्बिट्रेट असते. छाती दाटली, जबडा किंवा हात भरून आला, की खाली बसायचं, सांगितल्याप्रमाणे गोळी जिभेखाली ठेवायची आणि १०८ ला फोन लावायचा.

६.३०. भाकरी, वरण, आणि रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या. ‘आता बरं वाटायलंय’ म्हणून या गोळ्या मनानंच बंद करणारे मला भेटतात. त्यांची काळजी वाटते. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होणं जिवावर बेतू शकतं.

७.३०. लातूर गाडी, मी तिचा कंडक्टर. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. तिकिटं फाडत गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. नेहमीचे एक प्रवासी म्हणाले, “मास्तर, गाडीतच इतकं फिरायलाव, अन् वेगळं चालायचं कशाला?” मीही वर्षानुवर्षं असंच मानत होतो. पण दोन पावलं टाकून थांबायचं, पुन्हा दोन पावलं, यात दम लागत नाही आणि नाडीही वाढलेली राहत नाही. शेतात दिवसभर वाकून खुरपणाऱ्याचंही पुष्कळदा असंच होतं: अंग थकतं, हृदयाला सलग मेहनत मिळत नाही.

११.३०. लातूर. मुलगी इथं फिजिओथेरपी शिकते, डबा घेऊन स्टँडवर येते. भाजी वाढता वाढता म्हणाली, “बाबा, स्टेंटनं एक जागा उघडली. बाकीची नळी तीच आहे.” मग तिनं समजावलं. रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. चालताना रक्त जोरात वाहतं, त्या घर्षणानं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि नळी सैल होते. हा वायू शरीरात असा निरोप पोचवतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. रोज चाललं की अस्तराची ही ताकद सुधारते. बैठ्या माणसात, साखर आणि तंबाखू असलेल्यात ती घटते.

इटलीतल्या एका अभ्यासाचंही तिनं सांगितलं. २००१ मध्ये छापून आला. ॲंजिओप्लास्टी झालेले ११८ रुग्ण, निम्म्यांना सहा महिने व्यायाम. जागा पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. पण पुढच्या काळात हृदयविकाराच्या घटना व्यायाम करणाऱ्यांत ११.९ टक्के, इतरांत ३२.२ टक्के. म्हणजे लाभ स्टेंटच्या जागेपेक्षा उरलेल्या हृदयाला आणि वाहिन्यांना. मला तो आकडा दिवसभर पुरला.

दुपारी ४. परतीला विष्णुपुरी. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या थांब्यावर फायली छातीशी धरून माणसं चढतात. २ जुलै २०१२ ला गरिबांच्या उपचाराचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. गरिबाला ॲंजिओप्लास्टी परवडू लागली, ही फार मोठी गोष्ट. पण पुढचं चालणं ज्याचं त्यालाच करावं लागतं. मला घरी सोडताना कागदावर ‘नियमित व्यायाम’ एवढेच दोन शब्द होते. किती, कसा, हे पुढच्या तपासणीत मी विचारलं तेव्हा कळलं.

रात्री ९. कोलेस्टेरॉलची गोळी, आणि दहाच्या आत झोप.

स्टेंट बसलेल्या वाचकांना विनंती आहे: पुढच्या तपासणीला ‘मी किती वेळ चालू, किती वेगानं, आणि कधी थांबू?’ एवढं विचारा, आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.