अंगणात पाखरू ओळखा, शेतात नुकसान टाळा



ज्वारी दुधात आली की गोफण बाहेर निघते आणि हरभऱ्यावर घाटेअळी दिसली की पंप बाहेर निघतो. दोन्ही वेळेला पाखरं आपल्या शेतातच असतात. पहिल्या वेळी ती आपला दाणा खातात, दुसऱ्या वेळी आपल्या पिकावरची अळी खातात. कोणतं पाखरू कधी काय खातं हे ज्याला ठाऊक आहे, त्याची राखण नेमकी होते आणि औषधाचा खर्चही हलका होतो. हे शिकण्यासाठी लांब कुठे जावे लागत नाही. घरच्या अंगणात मूठभर दाणे आणि भांडंभर पाणी ठेवावे आणि सकाळी अर्धा तास बसून बघावे, एवढेच.

दाणापाणी कसे ठेवावे?

पाण्यासाठी मातीचे पसरट भांडे घ्यावे. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नसावे. भांड्यात एक-दोन खडे ठेवावेत, म्हणजे लहान पाखराला पाय टेकायला जागा मिळते. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासून ठेवावे. दाण्यासाठी बाजरी, ज्वारी किंवा तांदळाची कणी चालते. दाणे मूठभरच टाकावेत. जास्त टाकले तर उरलेल्यावर रात्री उंदीर येतात. बुरशी आलेले धान्य, खारट पदार्थ आणि औषध लावलेले बियाणे चुकूनही ठेवू नये.

भांडे मोकळ्या जागी ठेवावे. कुंपणाला किंवा कडब्याच्या गंजीला लागून ठेवले तर तिथे मांजर दबा धरून बसते. जवळपास एखादे झाड मात्र असावे, पाखरं आधी तिथे बसून अंदाज घेतात. घरी कोंबड्या असतील तर त्यांचे दाणापाणी वेगळे आणि लांब ठेवावे, कारण रानपाखरांकडून कोंबड्यांना रोग लागू शकतो. २००६ साली नवापूर भागात बर्ड फ्लूने कुक्कुटपालकांचे केवढे नुकसान झाले ते आपल्याला आठवत असेल. एकाच वेळी बरीच पाखरं मेलेली दिसली तर उघड्या हाताने उचलू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे.

दाण्यावर कोण आणि पाण्यावर कोण?

आठ-दहा दिवस बघितल्यावर एक गोष्ट आपोआप ध्यानात येते. दाण्यावर ठराविकच पाखरं येतात: चिमणी, होला, पारवा, कधी मुनिया. पाण्यावर मात्र सगळेच येतात. साळुंकी येते, बुलबुल येतो, सातभाईंचा गोंगाट येतो. कोतवाल तर वरून झेप घेऊन पाण्याला शिवतो आणि तसाच वर जातो, पण दाण्याकडे ढुंकून बघत नाही. जे पाखरू पाण्यावर येतं पण दाण्याला तोंड लावत नाही, त्याच्यापासून आपल्या कणसाला सहसा धोका नाही. त्याचं पोट किड्यांवर किंवा फळांवर भरतं.

चोचीवरूनही अंदाज बांधता येतो. आखूड, जाड, शंकूसारखी चोच दाणा फोडण्यासाठी असते. चिमणी, सुगरण, मुनिया यांची चोच तशी आहे. बारीक किंवा लांबट चोच बहुधा किडे टिपणाऱ्याची. पोपटाची बाकदार चोच फळ आणि कणीस दोन्ही फोडते, आणि तो खातो त्याहून जास्त खाली टाकून नासतो. मात्र पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

चिमणी चोर की मजूर?

आता चिमणीचंच बघा. एरवी ती दाणे खाते. पण घराच्या वळचणीला तिची पिल्लं असतील तेव्हा तिच्याकडे नीट लक्ष द्या. ती उडून जाते आणि चोचीत अळी नाहीतर किडा घेऊन परत येते. कोवळ्या पिल्लांना सुरुवातीला मुख्यतः किडेच भरवावे लागतात. अर्ध्या तासात तिच्या किती खेपा होतात ते कोळशाने भिंतीवर रेघा मारून मोजा. मुलांना हे काम सांगितलं तर ती आवडीने करतील. म्हणजे हीच चिमणी एका हंगामात आपलं कणीस टिपते आणि दुसऱ्या हंगामात आपल्या पिकावरची अळी उचलते.

हे न बघता पाखरांवर उठलं तर काय होतं, याचा दाखला चीन देशाने दिलेला आहे. १९५८ साली तिथे चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना संपवण्याची मोहीम निघाली. लोकांनी थाळ्या-डबे वाजवून चिमण्यांना खाली बसू दिलं नाही, घरटी मोडली. पुढे पिकांवर किडीचा जोर वाढला आणि १९६० साली मारण्याच्या यादीतून चिमणीचं नाव काढून तिथे ढेकणाचं नाव घालावं लागलं.

बुजगावण्याला पाखरं का भीत नाहीत?

अंगणात नवं भांडं ठेवलं की पहिले एक-दोन दिवस कोणी जवळ येत नाही. पाखरं झाडावरून बघतात. मग एखादी धीट चिमणी उतरते, दोन दाणे उचलते आणि पळते. तिला काही झालं नाही हे बघून बाकीच्या उतरतात. चार-पाच दिवसांत तर माणूस दारात बसला तरी त्या उडत नाहीत. शेतातल्या बुजगावण्याचंही अगदी असंच होतं. एकाच जागी, एकाच सदऱ्यात उभं असलेलं बुजगावणं पाखरं थोड्याच दिवसांत ओळखतात आणि त्याच्याच डोक्यावर बसतात.

म्हणून बुजगावण्याची जागा आणि कपडे दोन-तीन दिवसांनी बदलावेत. डबा, गोफण, चमकणारी फीत हे उपायही आलटून पालटून करावेत. भांड्यावर सर्वात जास्त गर्दी उजाडल्यानंतर आणि दिवस मावळायच्या आधी होते, तर भर दुपारी पाखरं सावलीत बसतात. तेव्हा राखणीला माणसं कमी असतील तर सकाळ-संध्याकाळ चुकवू नये. झाडाजवळच्या बांधावर आधी लक्ष द्यावं, कारण तिथूनच थवा उतरतो. शिवारात सगळ्यांची पेरणी एका सुमारास झाली तर नुकसान वाटलं जातं. एकट्याचीच ज्वारी आधी किंवा मागून निसवली तर सगळे थवे तिच्यावर पडतात.

मदतनिसांना बोलवा

कोतवाल उंच जागी बसतो, किडा हेरतो, झेप घेऊन पकडतो आणि परत जागेवर येऊन बसतो. त्याला बसायला जागा दिली तर तो शेतात थांबतो. हरभऱ्यात एकरी आठ-दहापासून वीसपर्यंत पक्षीथांबे लावावेत. थांबा म्हणजे एक उभी काठी आणि तिच्यावर एक आडवी काठी. तो पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच असावा. साळुंकीही तिथे बसते. रात्री त्याच थांब्यावर घुबड आणि पिंगळा बसून उंदीर टिपतात. अशुभ म्हणून त्यांना हाकलू नये. थांब्यांमुळे अळी पूर्ण संपत नाही, म्हणून पिकाची पाहणी चालू ठेवावी आणि लागेल तेव्हाच फवारावे. ज्वारी, बाजरी, सूर्यफुलात मात्र दाणा भरू लागला की थांबे काढून घ्यावेत, नाहीतर आपणच दाणे खाणाऱ्यांना बसायला जागा दिली असं होईल.

नांगरताना बैलांमागे चालणारे गायबगळे आणि पालापाचोळा उलटवणारे सातभाई यांना तर काहीच द्यावं लागत नाही. त्यांना फक्त हुसकावू नये. पेरणीच्या वेळी औषध लावलेले बियाणे मातीआड करावे, बांधावर सांडू देऊ नये. ते खाऊन मदतनीस आणि चोर दोघेही मरतात.

बघत राहण्याची किंमत

सुगरणीचं घरटं मादी विणते असं नावावरून वाटतं. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी सुगरणींच्या वस्तीवर बारकाईने नजर ठेवली. घरटं विणतो नर. ते अर्धवट झालं की मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसरं घरटं विणायला घेतो. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं पहिलं हत्यार होतं शांत बसून बघणं. ते आपल्यापाशीही आहे.

ध्यानात ठेवा

१. मूठभरच दाणे, दोन बोटं पाणी, रोज स्वच्छ भांडे.
२. दाण्यावर कोण येतं आणि नुसतं पाण्यावर कोण येतं, ते वेगवेगळं बघा.
३. राखण सकाळ-संध्याकाळ, उपाय बदलून बदलून.
४. अळीच्या वेळी थांबे लावा, दाणा भरताना काढा.
५. औषधी बियाणे उघड्यावर सांडू नका.

पाखराला चोर ठरवण्याआधी त्याची वेळ आणि त्याची चोच बघा. गोफण हातात घ्यायची की थांबा रोवायचा, ते मग आपलं आपल्यालाच कळेल.