धबधब्याच्या वाटेवरची दोरी : पर्यटकांकडून पैसे घ्यायचा हक्क नेमका कुणाला?

पावसाळ्यातला रविवार उजाडला की बेळगावातल्या दुचाक्या आंबोलीच्या नाहीतर चोर्ल्याच्या दिशेला लागतात. वाटेत कुठेतरी दोरी आडवी येते. दोन पोरं पुढे होतात, "माणशी वीस, गाडीचे पन्नास." आपण देतो. भर पावसात, घरची मंडळी सोबत असताना वाद कोण घालणार? मीही एका धबधब्याजवळ असेच दिले होते. पावती मागितली तर म्हणाले, "परत येताना घ्या." परत येताना दोरीही नव्हती आणि पोरंही.

गावाने पर्यटकांकडून पैसे घेणं मुळात चूक नाही. फक्त ते कुठल्या अधिकारात घेतले, हे विचारायला हवं. घटनेचं २६५ वं कलम एका ओळीचं आहे : कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला कर लावायचा उपजत अधिकार नसतो. राज्याच्या विधिमंडळाने कायद्याने जेवढा दिला तेवढाच. त्यामुळे ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले, तरी नुसत्या ठरावावर कर उभा राहत नाही.

कर आणि शुल्क यांतही फरक आहे. शुल्क म्हणजे काहीतरी सेवा देऊन घेतलेले पैसे. पार्किंग, शौचालय, कचरा उचलणं, जीवरक्षक ठेवणं वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात मांडला. शिरूर म्हणजे उडुपीच्या आठ मठांपैकी एक. मठांकडून सरकार जी वर्गणी घेत होतं ती शुल्क नसून करच आहे, असं न्यायालयाने ठरवलं, कारण पैसे सरकारच्या तिजोरीत मिसळत होते आणि सेवेशी त्यांचा संबंध दिसत नव्हता. पुढच्या निकालांत हे थोडं सैल झालं. रुपयाला रुपयाचा हिशोब जुळलाच पाहिजे असं आता नाही, पण संबंध दिसायला हवा.

माथेरानला हे चांगलं कळतं. गावात मोटारबंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि तिथेच नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा, मोठ्यांना ५० रुपये, लहानांना २५. २०११ च्या जनगणनेत गावची लोकसंख्या साडेचार हजारांच्याही आत होती. सलग सुट्ट्या आल्या की त्याहून जास्त माणसं एकाच दिवसात वर येतात. पाणी तेच पितात, कचरा तेच टाकतात, आणि घरपट्टी भरणार कोण, तर ते साडेचार हजार. अशा गावाने पाहुण्याकडून काही मागितलं तर मला त्यात गैर वाटत नाही. माणशी कराचा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहेच, आणि यात्रेकरूंवरच्या कराची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यातही आहे.

"आपल्याच महाराष्ट्रात आपल्यालाच पैसे?" अशी कुरकुर सीमाभागात ऐकू येते. पण दस्तुरी नाक्यावर पुण्याचा काय आणि बेळगावचा काय, दोघेही परगावचेच. दर दोघांना सारखा.

आपल्याला जास्त लागणारी गोष्ट गोव्यातली आहे. २०२४ मध्ये कळंगुटच्या ग्रामसभेत हॉटेलचं बुकिंग नसलेल्या पर्यटकांकडून प्रवेशकर घ्यावा, असा ठराव झाला. राग होता तो शेजारच्या राज्यांतून गाड्या भरून येणाऱ्यांवर. सोबत शेगडी-सिलिंडर आणायचे, उघड्यावर रांधायचं, बाटल्या टाकायच्या आणि संध्याकाळी परत. म्हणजे थोडाफार आपल्यावरही, आणि खोटं कशाला बोला, राग उगीच नव्हता. व्हेनिसने त्याच वर्षी ठरावीक दिवशी मुक्काम न करणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. मुक्कामी माणसाला सूट, कारण तो हॉटेलच्या बिलातून कर भरतोच. मात्र व्हेनिसच्या मागे इटलीच्या संसदेने केलेला कायदा होता. कळंगुटच्या हातात ठराव होता.

जंगलातल्या जागांचं निराळं. तिथे बहुधा वनखात्याची किंवा गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीची पावती असते. तिच्यावर कधी कधी 'उपद्रव शुल्क' असं छापलेलं दिसतं. वाचून हसू येतं, पण नाव खोटं म्हणवत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी दोरी आडवी आली तर पैसे देण्याआधी पावतीपुस्तक बघा. त्यावर पंचायतीचं, पालिकेचं किंवा समितीचं नाव, अनुक्रमांक आणि रक्कम छापलेली हवी. पैसे पार्किंगचे की प्रवेशाचे, तेही विचारा. पार्किंगचे असतील आणि आपण गाडी लावणारच नसू, तर ते द्यायचं कारण नाही. पावतीच नसेल तर जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. तक्रार महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिकारी किंवा गटविकास अधिकाऱ्याकडे, कर्नाटकात पीडीओकडे, गोव्यात पंचायतीच्या सचिवाकडे देता येते. अर्ज मराठीत दिलात तरी कर्नाटकातल्या कार्यालयासाठी कन्नड प्रत जोडलेली बरी, म्हणजे हेलपाटे वाचतात.