तंजावरची माणसे मोजताना

१९०१च्या जनगणनेत तंजावर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ४५ हजार भरली होती. शंभर वर्षांनी, २००१ साली, ती २२ लाख १६ हजार निघाली. दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पण ते शेजारी मांडले की वाटते, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात शतकभरात माणूस वाढलाच नाही, उलट थोडा घटला. तंजावरच्या लोकसंख्येविषयी, आणि तिथल्या मराठी माणसांविषयीही, ज्या समजुती आपल्याकडे चालत आल्या आहेत त्यांतल्या बऱ्याच अशाच तयार झाल्या आहेत. आकडा खरा असतो, पण त्याच्या मागचे कोणी पाहत नाही.

या पहिल्या कोड्याचे उत्तर नकाशात आहे. १९०१चा तंजावर जिल्हा ३,७१० चौरस मैलांचा, म्हणजे सुमारे ९,६०० चौरस किलोमीटरचा होता. १९७४मध्ये पुदुकोट्टै जिल्हा झाला तेव्हा तंजावरचा काही भाग तिकडे गेला. १९९१मध्ये नागपट्टणम वेगळा झाला आणि १९९७मध्ये तिरुवारूर. २०२०मध्ये नागपट्टणममधून मयिलाडुतुरै हा आणखी एक जिल्हा निघाला. आज तंजावर नावाचा जिल्हा जेमतेम ३,४०० चौरस किलोमीटर उरला आहे. १९०१मध्ये एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण २३४ माणसे राहत होती, २०११मध्ये सातशेच्या आसपास. घट कुठेच नाही. कागदावर जिल्हा आक्रसला, माणसे जिथे होती तिथेच राहिली.

मग तंजावर भरभरून वाढले असे म्हणायचे का? तेही नाही, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. २०११चे तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टणम हे तिन्ही जिल्हे एकत्र केले, तर लोकसंख्या सुमारे ५३ लाख होते. पुदुकोट्टैला गेलेला भाग यात धरलेला नाही. म्हणजे ११० वर्षांत जुन्या तंजावरची लोकसंख्या अडीच पटीच्या आतबाहेर वाढली. याच काळात आजच्या तमिळनाडूच्या हद्दीतली लोकसंख्या पावणेचार पट झाली आणि भारताची पाच पट. दक्षिणेचे भाताचे कोठार म्हणून ज्याची ख्याती, तिथे पाणी होते, गाळाची जमीन होती, वर्षाला दोन-दोन पिके होती, तरी माणसे या तिन्हींत सर्वांत हळू वाढली.

ही गती पुढेही तशीच राहिली. २००१ ते २०११ या दशकात तमिळनाडूची लोकसंख्या १५.६ टक्क्यांनी वाढली. तंजावर जिल्ह्याची फक्त ८.६ टक्क्यांनी, तिरुवारूरची ८.१ टक्क्यांनी. चेन्नईला लागून असलेला तेव्हाचा कांचीपुरम जिल्हा मात्र त्याच दहा वर्षांत ३९ टक्क्यांनी फुगला.

या मंद वाढीचे श्रेय बहुतेक वेळा कुटुंबनियोजनाला दिले जाते. तमिळनाडूने त्या बाबतीत मोठे काम केले, यात वाद नाही. जोडप्यामागे सरासरी २.१ मुले, ही लोकसंख्या स्थिर ठेवणारी पातळी या राज्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच गाठली. पण कुटुंबनियोजन कांचीपुरमलाही होते. तंजावरचे वेगळेपण जन्मात कमी आणि प्रस्थानात अधिक आहे. हा जिल्हा फार पूर्वीपासून माणसे बाहेर पाठवत आला आहे.

१८९१ ते १९०१ या दशकात तंजावर जिल्ह्याची लोकसंख्या एक टक्काही वाढली नाही. ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायाकडे जाणाऱ्यांचा ओघ हे त्याचे मोठे कारण होते. नागपट्टणम हे मलायाला जाणाऱ्या मजुरांचे प्रमुख बंदर होते. मळ्यांवरचा मुकादम, ज्याला तिकडे कंगाणी म्हणत, तो आपल्याच गावात येऊन आपल्याच नात्यातली, ओळखीतली माणसे गोळा करून नेत असे. जाणाऱ्यांत मोठा वाटा भूमिहीनांचा होता. ज्या जमिनीतून दोन पिके निघत, तिच्यावर त्यांची मालकी कधीच नव्हती. म्हणूनच सुपीक भागातून लोक का जातील, हा प्रश्न चुकीचा ठरतो. जमीन सुपीक असली तरी ती कोणाची आहे यावर माणसाचे राहणे ठरत होते. पुढे १९२६ साली बांधलेले ‘राजुला’ हे जहाज मद्रास, नागपट्टणम, पिनांग, सिंगापूर अशा फेऱ्या दशकानुदशके करत राहिले. कोकणच्या माणसाला मुंबईची बोट जशी घरची वाटे, तशी त्रिभुज प्रदेशातल्या कितीतरी घरांना ही बोट होती.

कोकणाची आठवण उगाच येत नाही. तंजावर जिल्ह्यात २०११मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०३५ स्त्रिया होत्या. हा आकडा पाहून तिथे मुलींचा जन्म अधिक होतो, किंवा स्त्रियांना तिथे विशेष मान आहे, असा निष्कर्ष काढला जातो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात त्याच वर्षी हे प्रमाण १,१२२ होते आणि सिंधुदुर्गात १,०३६. रत्नागिरीत मुली अधिक जन्मतात म्हणून तसे झाले, असे कोणी कोकणी माणूस म्हणणार नाही. घरातले कर्ते पुरुष मुंबईला असतात, हे त्याला ठाऊक असते. तंजावरचे पुरुष चेन्नईत, तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांत, कोइंबतूरमध्ये, सिंगापुरात आणि आखातात असतात. सहा वर्षांखालच्या मुलांकडे पाहिले तर तंजावरमध्येही मुलांपेक्षा मुली कमीच आहेत. स्त्रिया अधिक जगतात, हेही एक कारण आहे. पण हजारावरचा आकडा मुख्यतः गेलेल्या पुरुषांची नोंद आहे. फरक एवढाच की रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची लोकसंख्या त्या दशकात प्रत्यक्ष घटली. तंजावर तेव्हा तिथवर आलेले नव्हते.

गावे सोडणारे कोण, यावरही एकच चित्र रंगवले जाते: अग्रहारातले ब्राह्मण शहरात गेले आणि गावे ओस पडली. हे घडले, यात शंका नाही. मानववंशशास्त्रज्ञ कॅथलीन गॉफ यांनी १९५१ ते १९५३ या काळात तंजावरच्या गावांत राहून अभ्यास केला आणि १९७६मध्ये त्या पुन्हा तिथे गेल्या. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ‘श्रीपुरम’ हे टोपणनाव दिलेल्या गावाचा अभ्यास केला. जमीन विकून शिक्षण आणि नोकरीच्या मागे निघालेले ब्राह्मण जमीनदार दोघांच्याही लेखनात दिसतात. पण गाव त्यांच्याबरोबर संपले नाही. ती जमीन दुसऱ्या कोणीतरी घेतली, ती घरे दुसऱ्या कोणीतरी घेतली. आता त्या घेणाऱ्यांची मुलेही निघाली आहेत. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सुटावे हा रिवाज. ते वेळेवर सुटले नाही तर कुरुवै भाताचा हंगाम हातचा जातो आणि मजूर तिरुपूरची बस धरतो. नोव्हेंबर २०१८मध्ये ‘गजा’ चक्रीवादळाने पट्टुकोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडु या भागांतल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. नारळाचे नवे झाड फळाला यायला काही वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे पोट थांबत नाही.

आणि ओघ एकाच दिशेचा नाही. गेल्या काही वर्षांत तंजावर–तिरुवारूरच्या शेतांत भाताची लावणी करायला बिहार आणि पश्चिम बंगालमधले मजूर येऊ लागले आहेत. ज्या भागातून मजूर जहाजात भरून नेले जात, तिथेच आज दूरवरून मजूर आणावे लागतात.

तंजावर शहर थांबले आहे, ही समजूत तर हद्दीच्या रेषेवरच उभी आहे. २००१मध्ये शहरात सुमारे २ लाख १५ हजार लोक होते आणि २०११मध्ये सुमारे २ लाख २२ हजार. वाढ नगण्य दिसते. पण नवे शहर जुन्या पालिकेच्या हद्दीबाहेर वाढत होते. मेडिकल कॉलेज, १९८१मध्ये स्थापन झालेले तमिळ विद्यापीठ, नांजिकोट्टैकडच्या वसाहती, वल्लमचा रस्ता, अशा सर्व बाजूंनी घरे होत गेली. जनगणनेच्या लेखी ती माणसे ग्रामपंचायतीची. तंजावरला २०१४मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला, कुंभकोणमला २०२१मध्ये.

मुले कमी झाली की लोकसंख्या लगेच घटू लागते, असेही मानले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत तमिळनाडूचा जननदर १.८ आला आणि महाराष्ट्राचा त्याहूनही कमी, १.७. दोन्ही राज्यांची लोकसंख्या तरीही वाढतच होती. आधीच्या पिढीत जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत, आणि म्हातारी माणसे पूर्वीपेक्षा अधिक जगतात. घट येते ती या दोन्ही गोष्टींचा जोर ओसरल्यावर. तोवर बदलतो तो वयाचा मेळ. २०११मध्ये तमिळनाडूत साठीपुढचे लोक १०.४ टक्के होते, देशात ८.६ टक्के. तरुण बाहेर असलेल्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांत हे रोजच्या जगण्यात उतरते: औषध कोण आणून देणार, बँकेत कोणाबरोबर जायचे, शेत कोणाला कसायला द्यायचे. लोकसंख्येचा विचार करताना धोरणकर्त्यांनी डोकी मोजणे पुरे मानले, तर हे प्रश्न निसटतात. ते निसटता कामा नयेत.

आता मराठी माणसांकडे. तंजावरात शिवरायांच्या स्वारीबरोबर हजारो मराठे जाऊन वसले, ही आपली आवडती कल्पना आहे. व्यंकोजीराजे तिथे गेले ते विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून, मदुरेच्या नायकांनी घेतलेले तंजावर सोडवायला, १६७०च्या दशकाच्या मध्यावर. ते निघाले बेंगळुरूहून, वडील शहाजीराजांच्या जहागिरीतून. म्हणजे तंजावरी मराठी समाजाची पहिली पावले थेट देशावरून नव्हे, तर कर्नाटकातून पडली. त्यांची संख्या स्थानिक तमिळ लोकसंख्येपुढे नेहमीच अल्प होती. दरबारही एकभाषी नव्हता. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव पंडितांच्या वसाहतीसाठी दिले, तेव्हा तिथे वसलेले विद्वान नाना भाषांचे होते.

१८५५मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले, संस्थान खालसा झाले आणि मराठी माणसे परतली, हाही असाच समज. भोसले घराण्याचे वंशज तंजावरातच राहिले. बाकीची कुटुंबे पांगली खरी, पण ती महाराष्ट्रात परतली असे नाही, आणि पांगणे १८५५च्या आधीच सुरू झाले होते. १७९९च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला होता, आणि कारकुनी, हिशेब, महसूल जाणणारी ही घराणी दुसरीकडे कामे शोधू लागली होती. १८२८मध्ये कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव यांचे चुलते आणि वडील दोघेही त्रावणकोरचे दिवाण झाले होते. माधवराव स्वतः त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे आप्त रघुनाथराव इंदूरचे. तंजावरच्या ब्राह्मणांचे, शेतमजुरांचे जे झाले तेच या मराठी घराण्यांचेही झाले. ज्याला जे येत होते, ते घेऊन तो बाहेर पडला.

कुंभकोणम आणि तंजावरात रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्री समाजाला पुष्कळ मराठी पर्यटक आपलेच समजतात. त्यांची भाषा कानाला ओळखीची वाटते, पण समाज वेगळा आणि भाषाही वेगळी. २०११च्या जनगणनेत देशभरात २ लाख ४७ हजारांहून अधिक लोकांनी सौराष्ट्री ही मातृभाषा सांगितली, आणि जनगणनेच्या वर्गवारीत ते सारे गुजरातीच्या खात्यात बेरजेला धरले गेले.

मग तंजावरी मराठी किती? जनगणना मूळ विचारत नाही, मातृभाषा विचारते. तिची व्याख्या अशी: बालपणी आई जी भाषा त्या व्यक्तीशी बोलली, ती. घराबाहेर अखंड तमिळ, शाळेत तमिळ आणि इंग्रजी, आणि आईशी सतराव्या शतकातले शब्द जपलेली, तमिळ वळणाची मराठी, असे घर उत्तर काय देते यावर सारे ठरते. ‘तमिळ’ असे उत्तर आले तर ते घर मराठीच्या रकान्यात येत नाही. ‘मराठी’ असे आले तर ते पुण्या-नागपूरच्या मराठीत मिसळते. तंजावरी बोलीचा वेगळा आकडा हाती येत नाही. २०२१ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक मातृभाषा विचारील तेव्हा, लिहिता-वाचता येत नसले तरी घरात बोलली जाणारी मराठी सांगण्याचा हक्क या कुटुंबांना त्या व्याख्येनेच दिलेला आहे.