फ्यूज का गेला?

बोरगावच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मामा फ्यूज काढतात तेव्हा पहिल्यांदा तो ट्यूबलाइटसमोर धरतात. वीस मिलिमीटर लांब, पाच मिलिमीटर जाड काचेची नळी. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, आत केसाएवढी तार. तार मधोमध तुटलेली आणि काच स्वच्छ दिसली की मामांचा चेहरा सैल होतो. काच आतून काळी-चंदेरी झालेली असली तर ते फ्यूज टेबलाच्या कडेला ठेवतात आणि म्हणतात, "दादा, ह्यो आज मिळायचा न्हाई बघा. परवा या."

तार हळूहळू दमून तुटली, तर काच स्वच्छ राहते. एकाएकी पाचपन्नास पट करंट धावला, तर तारेची वाफ होते आणि ती वाफ काचेवर बसते. म्हणजे संच उघडायच्या आधीच अर्धी हकिगत त्या नळीत लिहिलेली असते.

बोरगाव निपाणी तालुक्यातलं, बेळगाव जिल्ह्यातलं. सरकारी काम निपाणीला, आणि तालुका व्हायच्या आधी चिकोडीला. बाजार मात्र इचलकरंजीचा, म्हणजे महाराष्ट्रातला. सुटे भाग तिथूनच येतात. दुकानात एक गिऱ्हाईक "टीव्ही लागंना ओ" म्हणत येतं, दुसरं कानडीत "टीव्ही केट्टैती" म्हणत. मामा दोघांनाही त्यांच्या त्यांच्या भाषेत एकच विचारतात. बंद पडायच्या आधी काय झालतं? लाईट जाऊन आली? आवाज झाला? वास आला? चित्र आधीपासून आक्रसत होतं? या प्रश्नांत पाच मिनिटं जातात आणि नव्या गिऱ्हाइकाला ती फुकट गेल्यासारखी वाटतात. मला तरी कामाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण आमच्या भागात घरांवर अँटेना दिसू लागले ते १९८४ नंतर, देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली तेव्हा. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या सोप्यात आख्खी गल्ली बसायची. अशाच एका रविवारी आमच्या संचाचा फ्यूज उडाला. सुट्टीचा दिवस, दुकान बंद. शेजारच्या काकांनी वायरीतली तांब्याची एक काडी सोलून काढली आणि फ्यूजच्या दोन्ही टोप्यांवर गुंडाळून दिली. चित्र आलं. बायकांनी पडद्याला हात जोडले. थोड्या वेळानं मागच्या जाळीतून धूर निघाला, आणि तो संच पुन्हा कधीच धड चालला नाही.

काकांनी वाईट काही केलं नव्हतं. मीटरच्या बोर्डावरच्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तार भरायची सवय प्रत्येक घराला होती, तीच त्यांनी इथं वापरली. पण लवचीक वायरीतली ०.२ मिलिमीटरची एक काडीसुद्धा साधारण सात अँपिअरपर्यंत तग धरते. जिथं एक-दोन अँपिअरला तुटायचं तिथं सात अँपिअरपर्यंत न तुटणारी तार बसवली, की तुटायचं काम दुसऱ्या कुणावर तरी येतं, आणि तो दुसरा भाग फ्यूजइतका स्वस्त नसतो.

टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. रंगीत टीव्हीच्या फ्यूजवर बहुतेक वेळा असतं: टी ३.१५ ए एल २५० व्ही. 'टी' म्हणजे सावकाश उडणारा. त्याच अर्थाच्या जर्मन शब्दाचं ते पहिलं अक्षर. 'एफ' म्हणजे झटक्यात उडणारा. दोन्ही दिसायला जुळ्या भावांसारखे, किमतीलाही जवळपास सारखे, म्हणून घोटाळा इथंच होतो. रंगीत पिक्चर ट्यूबच्या काठानं तांब्याच्या तारेचं एक कडं फिरवलेलं असतं. संच चालू केल्यावर क्षणभर त्यातून मोठा करंट जातो आणि ट्यूबच्या आतल्या जाळीत साठलेलं चुंबकत्व पुसून टाकतो. जुना टीव्ही लावताना 'धम्म' असा आवाज यायचा तो याचाच. तेवढा क्षण सहन करणारा फ्यूज लागतो. तिथं 'एफ' बसवला तर संचात काही बिघाड नसताना तो उडत राहतो आणि मिस्त्री बिचारा बिघाड शोधत राहतो.

परवाचा वायदा दिलेला असाच एक एकवीस इंची संच मी मुद्दाम जाऊन पाहिला. मामांनी मागचं झाकण काढलं, ब्रशनं धूळ झाडली आणि पहिल्यांदा मोठ्या कंडेन्सरच्या दोन पायांना बल्बच्या वायरी टेकवल्या. घरातला २३० व्होल्टचा सप्लाय चार डायोडमधून जाऊन या कंडेन्सरवर साधारण ३२५ व्होल्ट होतो, आणि प्लग काढला तरी काही वेळ तिथं दबा धरून बसतो. बल्ब क्षणभर लुकलुकला. मगच मामांचा हात आत गेला.

नवा फ्यूज त्यांनी हातात घेतलाच नाही. फ्यूजच्या जागी शंभर वॅटचा बल्ब जोडला आणि स्विच दाबला. बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला. याला सिरीज बल्ब म्हणतात. आत शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्बातून जाऊन तो पूर्ण पेटतो आणि पुढचं काही जळत नाही. शॉर्ट नसेल तर एकदा चमकून मंद होतो. ही युक्ती न वापरता एकामागून एक नवे फ्यूज घालून बघणारे लोक मी पाहिलेत.

मीटर लावून मामांनी चार डायोड पाहिले: ठीक. सप्लायचा ट्रान्झिस्टर पाहिला: ठीक. मग पिक्चर ट्यूबच्या त्या कड्याला करंट देणारी काळी चौकोनी डबी, पॉझिस्टर, सोल्डर वितळवून बाहेर काढली आणि माझ्या कानाजवळ हलवली. खुळखुळ. गार असताना करंट जाऊ द्यायचा आणि तापल्यावर अडवायचा, असं त्या डबीतल्या चकतीचं काम. चकती फुटून तुकडे एकमेकांना टेकले होते. डबी बाहेर ठेवून पुन्हा स्विच दाबला. बल्ब चमकला आणि मंद झाला.

वळवाच्या दिवसांत दुकान भरून जातं. वीज अँटेनावर किंवा केबलवर उतरते ते एक कारण. दुसरं जास्त घातक: वाऱ्यात खांबावरचा न्यूट्रल तुटतो. न्यूट्रल गेला की दोन फेजांच्या मध्ये घरं एकमेकांशी जोडली जातात आणि ज्या घरात भार कमी तिथं २३०च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट पोचतात. चांगल्या संचात फ्यूजच्या पुढं निळी किंवा पिवळी बिस्किटासारखी चकती असते, व्हॅरिस्टर. दाब हद्दीबाहेर गेला की ती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि बाकीचा संच वाचवते. अशा वेळी दोन्ही मिळून काही रुपयांत काम होतं. कुणीतरी आधी फ्यूजच्या जागी तार टाकलेली असली, तर चकतीचा कोळसा होतो आणि बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅकही उखडून जातो.

दुकानातला कायमचा वास राळेचा. सोल्डरची तार भरीव दिसते, पण आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत पाइनच्या झाडाची राळ असते. तारेत साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. कथील एकटं २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ अंशांना. दोन्ही मिसळली की १८३ अंशांनाच मऊ व्हायला लागतात. याचं मला अजून नवल वाटतं. आजीच्या दारात कल्हईवाला यायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची काडी टेकवून बोळ्याचा एक फेर, आणि पितळ चांदीसारखं पांढरं. मामांचं काम तेच, फक्त ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. नवसागर धातूवरचा मळ काढतो तसाच राळ काढते. नवसागर बोर्डावर चालत नाही, कारण तो मागं राहून तांबं खातो. राळ गार झाली की निवांत पडून राहते. भोक पडलेल्या घागरीला 'डाख लावून आण' असं जुनी माणसं म्हणायची. कानडीत त्याला बेसुगे म्हणतात. दुकानात मात्र दोन्ही भाषांत 'सोल्डर मारायचा'.

मारायचा म्हणतात, पण मारायचं काहीच नसतं. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसायचं, त्यावर किंचित सोल्डर चढवायचा, आणि ते टोक पाय व तांब्याची टिकली दोघांना एकदम टेकवायचं. तार टोकाला लावायची नाही, सांध्याला लावायची. सांधा तापला असेल तर सोल्डर आपणहून वाहत जातो आणि पायाभोवती टेकडीसारखा चढतो. दोन-तीन सेकंद. मग टोक काढायचं आणि गार होईपर्यंत काही हलू द्यायचं नाही. हललं तर सांधा खरखरीत राहतो, वरून जोडलेला आणि आतून सुटलेला. काही फ्यूजना दोन्हीकडे तारा असतात आणि ते थेट बोर्डावर सोल्डर करतात. तिथं जास्त वेळ आयर्न धरलं, तर टोपीच्या आतला सोल्डर वितळून नवा कोरा फ्यूजच निकामी होतो.

जुन्या संचांचा मोठा शत्रू ड्राय सोल्डर. पडद्यावर नुसती पांढरी आडवी रेघ, आणि वरून थाप मारली की चित्र परत येतं, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांनी ड्राय सोल्डर पाहिलाय. रोज तापून रोज गार होणाऱ्या जड भागांच्या पायांभोवती वर्षानुवर्षांनी बांगडीसारखी बारीक चीर पडते. मामा बोर्ड तिरका धरून भिंगातून एकेक पाय बघतात, पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीनं हलकं ठोकून बघतात. चीर सापडली की वरून नुसता नवा सोल्डर ओतत नाहीत. जुना पंपानं ओढून घेतात आणि पाय घासून पुन्हा भरतात.

१ जुलै २००६ पासून युरोपात अशा उपकरणांतलं शिसं बंद झालं आणि पुढं भारतातही नियम आले. ते योग्यच झालं. मामाही जेवायच्या आधी साबणानं हात चोळून धुतात. पण बिनशिशाचा सोल्डर २१७ अंशांच्या पुढं वितळतो आणि चांगला सांधासुद्धा मळकट दिसतो, त्यामुळं चकाकीवरून पारखायची जुनी नजर बदलावी लागली. नव्या सपाट टीव्हीत फ्यूज कधी तांदळाच्या दाण्याएवढाही असतो. पॅनेल गेलं तर दुरुस्ती परवडत नाही. पडद्यामागच्या एलईडीच्या पट्ट्या बदलणं हेच आता बरंचसं काम. कंपनीचा माणूस अख्खा बोर्ड बदलतो. मामा अजूनही बोर्डावरचा तो एक भाग शोधतात, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात.

त्या संचात नवा पॉझिस्टर बसला. बल्ब निघाला आणि त्याच्या जागी टी ३.१५ क्लिपमध्ये टचकन बसला. स्विच दाबल्यावर धम्म झालं आणि चित्र आलं. गिऱ्हाईक उठून पैसे काढायला लागलं. मामांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. प्लग काढला, बल्बनं कंडेन्सर रिकामा केला, सप्लायच्या ट्रान्झिस्टरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला बोट लावून बघितलं, पुन्हा चालू केला आणि म्हणाले, "बसा की अण्णा. च्या सांगतो. अर्धा तास चालला तरच झाकण लावायचं."