केळ्यावर जगवलेले डास

हत्तीरोगाच्या जंताचे शास्त्रीय नाव ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’. प्राणिशास्त्र शिकवताना मी ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. मुले ते पाठ करत आणि परीक्षा संपली की विसरत. मला मात्र त्या आडनावामागच्या घराचे कुतूहल वाटत राहिले. त्या घरात सलग तीन पिढ्या डॉक्टर झाल्या, आणि तिघांनाही एकच खोड होती: पान, किडा, शिंपला, जे दिसेल ते घरी आणायचे आणि निरखत बसायचे.

पहिले जोसेफ बँक्रॉफ्ट. १८६४ साली ते इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आले, तेव्हा क्वीन्सलँड ही वसाहत जेमतेम पाच वर्षांची होती. दवाखाना सांभाळून ते तिथल्या झाडाझुडपांच्या मागे असत. ड्युबॉयसिया नावाच्या झाडाच्या अर्काने डोळ्याची बाहुली मोठी होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या झाडाची लागवड औषधासाठी आजही होते. १८७६च्या डिसेंबरात एका रुग्णाच्या हातावरच्या गळवात त्यांना केसासारखा बारीक, मेलेला जंत मिळाला. याची पिल्ले माणसाच्या रक्तात असतात, हे टिमोथी लुईस यांनी १८७२ मध्ये आपल्या कलकत्त्यात पाहिले होते. पूर्ण वाढलेला जंत बँक्रॉफ्टांना सापडला. पुढच्याच वर्षी जिवंत जंतही मिळाले आणि लंडनच्या कॉबोल्ड यांनी त्याला त्यांचे नाव दिले.

पण हा जंत माणसात शिरतो कसा? चीनमध्ये काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी ही पिल्ले डासाच्या पोटात वाढताना पाहिली होती. मात्र त्यांचे डास चार-पाच दिवसांत मरत. म्हणून त्यांनी तर्क केला, की डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो. हा तर्क बरीच वर्षे चालला. त्याचा अर्थ किती मोठा होता पाहा! पाणी उकळून प्या आणि डास खुशाल चावू द्या, असाच तो निघतो.

इथे जोसेफ यांचे चिरंजीव थॉमस यांचा छंद कामी आला. हेही डॉक्टरच, पण पक्षी, माश्या, वनस्पती गोळा करण्यात जीव रमणारे. जिवंत प्राणी कसा सांभाळायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. त्यांनी डासांना केळे खायला दिले. डास आठवडेच्या आठवडे जगले! मग दिसले, की पिल्लांची डासातली वाढ पुरी व्हायला पंधरवड्याहून अधिक दिवस लागतात. शिवाय ही वाढलेली पिल्ले पाण्यात फार काळ तग धरत नाहीत. तेव्हा ती डास चावतानाच माणसात जात असावीत, असे थॉमस यांनी १८९९ मध्ये मांडले. त्यांनी लंडनला पाठवलेल्या डासांचे पातळ काप करून जॉर्ज लो यांनी १९०० मध्ये पाहिले, तर जंत थेट सोंडेत निघाले. मोठ्या प्रयोगशाळेला न सुटलेले कोडे केळ्याच्या फोडीने सोडवले, असे मी वर्गात सांगत असे. थोडी अतिशयोक्ती, पण थोडीच.

आपल्याकडे विदर्भात हत्तीपाय अजूनही दिसतो. जंताची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार जाऊन बोटातून रक्त घेतात. गटारातल्या डासाने पसरवलेला हा रोग आहे. त्यात पूर्वजन्मीचे पाप नाही की कुणाची करणी नाही, हे आज आपण ठामपणे सांगू शकतो ते अशा माणसांमुळे.

थॉमस पुढे आयड्सव्होल्ड या आडगावी डॉक्टर होते. तिथल्या बर्नेट नदीत फुफ्फुसाने श्वास घेणारा दुर्मीळ मासा आहे. त्याची पिल्ले वाढवण्यात त्यांनी वर्षे घालवली. त्यांची मुलगी जोसेफिन बापाबरोबर किडे गोळा करतच वाढली आणि डॉक्टर झाली. लग्नानंतरच्या या डॉ. मॅकेरास दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेजर होत्या. केर्न्स इथे मलेरियाच्या औषधांची चाचणी स्वयंसेवक सैनिकांवर चालली होती. त्यासाठी लागणारे डास वाढवण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९५५ मध्ये त्यांनी एका सहकारी बाईंबरोबर उंदराच्या फुफ्फुसातला जंत गोगलगायीतून कसा फिरतो, ते उलगडून दाखवले. १९६१ मध्ये निवृत्त झाल्यावर आराम करायचा सोडून त्या कॅनबेरात झुरळांचा अभ्यास करत बसल्या. आपल्या मोरीतली नव्हेत, ऑस्ट्रेलियाच्या रानातली!