हवाई अंतर आणि गाडीवाट



धाराशिव आणि लातूर या दोन्ही ठिकाणी विमानांच्या धावपट्ट्या आहेत. त्यांच्यातले हवाई अंतर, म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले सरळ अंतर, 50 किलोमीटरच्या आत भरते. तासाला 500 किलोमीटर जाणारे विमान ते कागदावर 6 मिनिटांत कापील. धावपट्टीवरची धाव, वर चढणे आणि वळसा घेऊन उतरणे धरले, की मिनिटे वाढतात. त्यात विमानतळ गाठणे, तासभर आधी हजर राहणे आणि उतरल्यावर पुन्हा गावात जाणे मिळवा. येडशी, ढोकी, मुरूडवरून गेलेली एसटी तोवर लातुरात पोचलेली असेल!

उलट स्कॉटलंडच्या उत्तरेकडे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांत जेमतेम 2.7 किलोमीटर अंतर आहे. तरी तिथे 1967 पासून विमान चालते. वेळापत्रकात उड्डाणाला दोनच मिनिटे दिलेली असतात. कारण मध्ये समुद्र आहे. तेव्हा अंतर किती, याच्या जोडीला मध्ये काय आहे, हेही पाहावे लागते.

आपल्या धंद्यातही हवाई अंतर आहेच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 2006 साली दुरुस्ती झाली आणि दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर अंतर ठरले. महाराष्ट्रात ते 25 किलोमीटर आहे. त्याची मोजणी भारतीय सर्वेक्षण विभाग करतो. परवान्यासाठी हे ठीक. पण ऊस काही उडत येत नाही. समजा, फडापासून गव्हाण सरळ 9 किलोमीटरवर आहे. ओढ्याला पूल नसेल, तर वळशाने तेच 14 होतात. काळ्या रानात गाडी रुतली, तर दुपारची संध्याकाळ होते.

याचा भुर्दंड कुणाला? एफआरपी हा कारखान्याच्या गेटवर पोचलेल्या उसाचा दर असतो. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. शिवाय तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखर उतरते. म्हणून तोडल्यापासून 24 तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा, असा आमचा आग्रह असतो.

सभासदांना आमचे सांगणे एवढेच :

ऊस नोंद देताना चिटबॉयला खरी गाडीवाट दाखवावी. ओढा, चर, बांध, अडलेली पाणंद, सगळे सांगावे.

टोळी येण्याआधीच वाट मुरूम टाकून दुरुस्त करावी. पाणंद शेजाऱ्याच्या बांधावरून जात असेल, तर बोलणे आताच करून घ्यावे. ऊस तुटल्यावर भांडायला वेळ नसतो.

वाहन ठरल्याशिवाय फडाला कोयता लावू देऊ नये.

वाटेची काही अडचण असल्यास गट ऑफिसला कळवावे. आम्ही स्वतः येऊन पाहू.